तीन हल्लेखोर आणि एक पोतं

तृप्ती ठोसरकडे तीन मांजरं होती आणि तिन्ही हल्लेखोर. हीच तिची अडचण होती.

अमरावतीच्या रुक्मिणीनगरात तिचं गॅदरिंगचे ड्रेस भाड्याने द्यायचं दुकान होतं. खाली दुकान, मागे गोदाम, वर घर. नवऱ्यापासून वेगळं होऊन दहा वर्षं झाली होती, मुलगा निनाद पुण्याला नोकरीला, आणि मावळे, पऱ्या, गाजरं, टोमॅटो यांच्या कपड्यांमध्ये ही तीन मांजरं वाढली होती. बारूद नावाचा काळा बोका हलेल त्या प्रत्येक गोष्टीवर झडप घालायचा. झिंगी त्याच्याहून चपळ, पण तिला धीर म्हणून नाही. चकली कपाटावर बसून खालच्यांवर वस्तू ढकलायची आणि तिचा नेम चुकत नसे.

'मांजरमोहीम' हा खेळ त्या वर्षी घराघरात शिरला होता. पडद्यावर एक लांब वाट, दोन टोकांना दोन गड. तुमची पाच मांजरं शत्रूच्या गडाकडे निघायची, शत्रूची पाच तुमच्याकडे. खेळणाऱ्याने फक्त ठरवायचं, कोण पुढे, कोण मागे, कोण कधी निघेल. लढायचं ते मांजराने, आपल्या स्वभावाने. आणि तो स्वभाव यायचा खऱ्या मांजराकडून.

मांजराच्या गळ्यात बोटभर रुंदीचा पट्टा असायचा. हृदयाचा ठोका, श्वास, स्नायूंची थरथर, घुरघुर, सगळं तो अहोरात्र टिपायचा. कुत्रा भुंकला तर हे मांजर पळतं की फिस्कारतं, भूक लागली तर वाट बघतं की ओरडतं, अशा हजारो लहानमोठ्या प्रसंगांतून यंत्र त्याच्या वागण्याची घडण शिकायचं आणि पडद्यावरच्या मांजरात उतरवायचं. तुमचं मांजर घरात भित्रं असेल तर मोहिमेतही पळणार. त्याला इलाज नव्हता.

तृप्तीची तिघं मोहिमेला निघाली की पहिल्या घटकेत शत्रूची दाणादाण उडायची. दुसऱ्या घटकेत तिघंही दमलेली, जखमी आणि पुढे आडवं उभं राहायला कोणी नाही. पाचाचा आकडा पुरा करायला खेळ दोन भाड्याची मांजरं द्यायचा. ती पहिल्या ओरखड्याला पळायची. पावसाळाभर तृप्ती हरत होती.

एका सकाळी गल्लीतल्या बोक्याशी भांडून बारूदचा कान फाटला. तृप्ती त्याला घेऊन चौकातल्या डॉक्टर इंगोल्यांकडे गेली. प्रफुल्ल इंगोले बावन्न वर्षांचे. आसपासच्या खेड्यांतल्या म्हशी आणि बकऱ्या हे त्यांचे खरे पेशंट, बोलणं बेताचं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लोकांनी दवाखान्यात आणून परत न नेलेली दोन मांजरं आणि ते असं तिघांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होतं.

"कान मोहिमेत फाटला का?" टाका घालताना त्यांनी विचारलं.

"नाही हो डॉक्टर, हा खराच फाटला. मोहिमेत तर रोज फाटतो."

तिने मोबाइलवर आदल्या दिवशीचा सामना दाखवला. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून तो शेवटपर्यंत पाहिला.

"तुमच्याकडे थांबणारं कोणी नाही, ताई."

"थांबणारं आणू कुठून? माझ्या घरात कोणीच थांबत नाही."

"माझ्याकडे आहेत नं. माझ्याकडे थांबणारेच आहेत." ते पहिल्यांदाच हसले. "एक पोतं. ते गडासमोर बसलं की पाच जणांनी ओरबाडलं तरी उठत नाही. दुसरी मावशी. ती समोरच्याकडे नुसती बघते आणि समोरचा चालायचा थांबतो. पण शत्रूचा गड पाडणार कोण? माझा एकही सामना आजवर जिंकून किंवा हरून संपला नाही. वेळच संपते."

तृप्ती इतकी हसली की बारूद टेबलावरून उडी मारून औषधांच्या कपाटामागे गेला आणि त्याला बाहेर काढताना दोघांच्याही हातांवर ओरखडे आले.

ढाल म्हणून पोतं, अडसर म्हणून मावशी, झेप घ्यायला बारूद आणि झिंगी, लांबून मारा करायला चकली. कागदावर याहून समतोल संघ नव्हता. पण कागदावर जमून भागत नसे. खेळ बनवणाऱ्यांना पहिल्याच वर्षी एक विचित्र गोष्ट आढळली होती. शूर मांजर उचलून दुसऱ्या घरच्या संघात घातलं की ते शूर राहत नसे. यंत्र शिकायचं तो स्वभाव एकट्या मांजराचा नव्हताच मुळी. शेजारी कोण झोपतं, ताटलीवर आधी कोण येतं, कोणाच्या भरवशावर पाठ फिरवता येते, यावर तो ठरत होता. म्हणून स्पर्धेचा नियम होता, पाचही मांजरं दीड महिना एका छपराखाली राहिलेली हवीत.

त्या नियमाने गावात काय काय घडवलं, ते सांगायचं तर वेगळं पुस्तक होईल. भांडून वेगळे झालेले भाऊ मांजरांपायी एका स्वयंपाकघरात आले. लग्नाच्या जाहिरातींत 'ढाल मांजर असल्यास प्राधान्य' असं छापून येऊ लागलं. ज्या सुस्त बोक्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांना आता बोलावून दूध मिळू लागलं.

पोतं आणि मावशी एका रविवारी दोन करंड्यांतून तृप्तीच्या घरी आली. पोत्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन समोर बसले, तेव्हा ते जेवलं. मग डॉक्टर रोज दोन्ही वेळा येऊ लागले. मग पहाटेही पोतं ओरडतं असं निघालं आणि तृप्तीनेच म्हटलं, गोदामात खाट टाकते, दीड महिन्याचाच तर प्रश्न आहे. अशा रीतीने डॉक्टर इंगोले गोदामात टांगलेल्या रावणाच्या नऊ जादा डोक्यांखाली झोपू लागले.

"डॉक्टर आता इथंच का?" समोरच्या मालूकाकूंनी गॅलरीतून विचारलं.

"मांजरांसाठी हो, काकू."

"हो नं. मांजरांसाठी," काकू म्हणाल्या आणि तो दिवस मावळायच्या आत गल्लीभर सांगून आल्या.

पहिले दोन आठवडे घरात नुसती रणधुमाळी होती. बारूदने मावशीवर चार वेळा झडप घातली. चारही वेळा ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो अर्ध्यात थांबून स्वतःचा पंजा चाटू लागला. चकलीने कपाटावरून पोत्यावर झाशीच्या राणीची ढाल पाडली, तरी ते हललं नाही. मग एका दुपारी तृप्ती वर आली तर पोत्याच्या पोटाला टेकून झिंगी झोपली होती. ती झिंगी, जिने कधी कोणाला अंगाला अंग लावू दिलं नव्हतं.

डॉक्टर घरात अंगाने मोठे आणि आवाजाने लहान होते. सकाळी म्हशींच्या फेरीला जाण्याआधी दोघांचा चहा करायचे. इस्त्रीला बसले की पऱ्यांचे पंखसुद्धा सरळ करायचे. 'ताई' म्हणणं त्यांनी कधी सोडलं ते तृप्तीला कळलं नाही. एक दिवस एवढंच लक्षात आलं, की आता ते तिला काहीच म्हणत नाहीत, नुसतं तिच्याकडे बघून बोलायला लागतात.

संघ जिंकू लागला. पोतं पुढे बसायचं, मावशी शत्रूला खिळवायची, चकली मागून मारायची आणि दमलेला शत्रू डगमगला की झिंगी आणि बारूद सुटायचे. तालुका झाला, जिल्हा झाला. खेळवाल्यांनी आखलेल्या, लातूरपर्यंत पसरलेल्या विभागाची अंतिम फेरी दिवाळीनंतरच्या रविवारी होती. जिंकलं तर राज्याच्या स्पर्धेला जायचं.

आणि तेव्हाच खेळाची नवी आवृत्ती आली. तिच्यात 'घरमेळ' नावाचा आकडा होता. पाचही मांजरांचे ठोके आणि श्वास एकत्र करून घर किती स्वस्थ आहे ते यंत्र शंभरातल्या गुणांत सांगायचं. घरात कोणाकोणाचे फोन आहेत हे पट्ट्यांना कळत होतंच, त्यामुळे कोण आल्यावर आकडा चढतो आणि कोण आल्यावर उतरतो हेही ते न विचारता सांगू लागलं. डॉक्टर घरी असताना आकडा नव्वदीत असायचा. ते फेरीला गेले की ऐंशीच्या घरात यायचा.

तृप्तीने तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती एकटीच होती. तरी तिने मोबाइल उलटा ठेवला. नंतर मात्र दिवसातून पाचदहा वेळा ती तो बघू लागली. मांजरांना कळलं ते आपल्याला कधी कळणार, असं तिला वाटायचं. पुन्हा लगेच वाटायचं, की पन्नाशीला आलेल्या बाईने हे मांजरांना का विचारावं?

दिवाळीची सुट्टी आठवडाभर वाढवून निनाद घरी आला. चोवीस वर्षांचा, उंच, आईसारखाच चटकन पेटणारा. गोदामातली खाट, खुंटीवरचा शर्ट, दाढीचा ब्रश, सगळं त्याने न बोलता पाहिलं. डॉक्टरांशी नीट बोलला. जेवणं झाल्यावर डॉक्टर दवाखान्यात गेले आणि तो आईसमोर बसला.

"तू मला मांजरांचं सांगितलंस. डॉक्टरांचं मला मालूकाकूंनी सांगितलं. फोन करून."

"सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं असतं नं."

"मग ते इथं काहून राहतात?"

"पोतं जेवत नाही म्हणून."

"आई!"

तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीवर मोहिमेची सूचना उजळली. तृप्ती धडपडत रिमोट शोधू लागली, पण निनादने वाचायला सुरुवात केली होती. "घरमेळ त्रेचाळीस. सदस्य निनाद आल्यापासून सतत घट. अंतिम सामन्यापर्यंत या सदस्याला घरापासून दूर ठेवणे संघाच्या हिताचे." वाचून झाल्यावरही तो टीव्हीकडेच बघत राहिला.

"छान," तो म्हणाला. "मांजरांनाही कळलं, मी इथं पाहुणा आहे ते. मी बडनेऱ्याला मित्राकडे राहतो, आई. तुमचा सामना होऊ दे."

तिने त्याला तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. पण त्या क्षणी तिच्या मनात अंतिम सामना येऊन गेला. क्षणभरच, पण निनादला तो दिसला. बॅग घेऊन तो खाली उतरला आणि स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आकडा पंच्याऐंशीवर गेला. तो बघून तृप्तीला आधी हायसं वाटलं आणि मग स्वतःचीच एवढी लाज वाटली, की ती जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गॅलरीत गाजराच्या पोशाखाला बटणं लावत होती. शेजारी मोबाइल, मोबाइलवर आकडा. पंच्याऐंशी. गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा आवाज झाला. तो तिच्या कानावर पुरता यायच्या आत झिंगी कपड्यांच्या पेटीतून उसळली, जिन्यावरून दोन उड्यांत खाली गेली आणि दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली, शेपटी काठीसारखी ताठ वर. पाठोपाठ चकली कपाटावरून उतरली. बारूद त्या दोघींभोवती गोल गोल धावू लागला. तृप्तीने मोबाइल पाहिला. एक्कावन्न. शेहेचाळीस. बेचाळीस.

निनाद विसरलेला चार्जर घ्यायला आला होता. त्याने हेल्मेट काढायच्या आत झिंगी त्याच्या खांद्यावर होती आणि त्याची मान, कान, केस, जे सापडेल त्यावर डोकं घासत होती.

तृप्तीने दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, ठोका वाढला म्हणजे मांजर बिथरलंच, असं असतं का हो?"

डॉक्टर म्हणाले, "नाही. ठोका वाढला एवढंच पट्ट्याला कळतं. कुत्रा अंगावर आला तरी म्हशीचा ठोका वाढतो आणि वासरू समोर आणलं तरी वाढतो. जवळजवळ तेवढाच."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मग काल रात्रीच का नाही बोललात? पोरगं नाराज होऊन गेलं माझं."

"मी असताना आकडा चढतो, तो आला की उतरतो," डॉक्टर हळूच म्हणाले. "आकडा खोटा आहे असं म्हणायला गेलो असतो तर दोन्हीकडून खोटा म्हणावा लागला असता. तेवढी हिंमत झाली नाही माझी."

तृप्तीने विचारलं, "म्हणजे तुम्ही असता तेव्हा ती शांत असतात, ती तुमच्यावर खूश असतात म्हणून, की तुमचा कंटाळा येऊन पेंगतात म्हणून, हेही यंत्राला कळत नाही?"

"नाही कळत."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. काय बरं झालं ते डॉक्टरांना कळलं नसावं. तिला मात्र, आता आकड्याला विचारण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं मोकळं वाटलं.

मग ती खाली गेली. निनाद पायरीवर बसला होता, मांडीवर झिंगी, पायांत चकली.

"काल तू निघालास तेव्हा मी सामन्याचा विचार केला," ती म्हणाली. "तुला दिसलं ते. खरं होतं. चुकलं माझं. आणि डॉक्टरांचं मी तुला सांगायला हवं होतं, काही नसलं तरी."

"काही नाहीये का?"

"आहे बहुतेक. अजून बोलले नाही मी त्यांच्याशी. आता तू बॅग घेऊन ये."

"आकडा पडेल, आई. हरशील."

"पडू दे. यायला एवढा उशीर करतोस, मांजरं तरी काय करतील?"

रविवारी दुपारी पाचही जण पडद्यासमोर होते. म्हणजे तिघं माणसं आणि पायांत घुटमळणारी दोन मांजरं. उरलेली तिघं, पट्टे घालून, आपापल्या जागी. समोर लातूरचं एक एकत्र कुटुंब होतं, त्यांची मांजरं चार पिढ्या एका माळवदाखाली वाढलेली. रांग लावण्यावरून निनाद आणि डॉक्टरांचं तिथेच वाजलं.

"मावशीला पोत्याच्या मागे ठेवा, काका. ती पुढे गेली तर पहिल्यांदा तिलाच मारतील."

"अरे, पण तिची नजर पोचायला हवी नं शत्रूपर्यंत."

"मग अर्धं पाऊल मागे?"

डॉक्टरांनी विचार केला. "अर्धं पाऊल चालेल."

ते अर्धं पाऊल इतकं बरोबर निघालं, की लातूरची पहिली दोन मांजरं मावशीच्या नजरेत अडकून वाटेतच बसली. पोत्याने उरलेल्यांना अडवून धरलं. चकलीने एकेकाला टिपलं. शत्रूच्या गडाची भिंत तडकली तेव्हा निनादने डॉक्टरांच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि मग ओशाळून हात मागे घेतला.

नेमकी तेव्हा झिंगी सुटली. निनाद आल्यापासूनचं उधाण पडद्यावरच्या झिंगीतही उतरलं होतं. तिने ना पोत्याची वाट पाहिली, ना शत्रू दमायची. एकटीच ढाल ओलांडून पुढे झेपावली. तिला एकटी बघून बारूद तिच्यामागे गेला. दोघं घेरली गेली, मागची फळी उघडी पडली आणि थोड्याच वेळात पोतं एकटं गडासमोर बसलेलं राहिलं. ते शेवटपर्यंत उठलं नाही. गड त्याच्या डोक्यावर कोसळला.

लातूरच्या घरातला जल्लोष पडद्यावरून ऐकू येत होता.

"माझ्यामुळे हरलो," निनाद म्हणाला.

"हो, तुझ्यामुळेच," तृप्ती म्हणाली. "यंत्राचं तेवढं बरोबर होतं. चल, पुरणपोळ्या आहेत, गरम करते." आणि त्याच्या केसांतून हात फिरवून ती आत गेली. तिला वाईट वाटलं होतं. डोळ्यांत पाणीही आलं होतं. पण आत तूप वाढताना तिच्या लक्षात आलं, की हाच सामना पुन्हा खेळायला मिळाला तरी आपण निनादला घरातच ठेवू.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी खाटेवरची गादी गुंडाळली, चादरीच्या घड्या घातल्या आणि दोन करंड्या पुसून जिन्याशी आणून ठेवल्या. स्पर्धा संपली होती. एका छपराखाली राहायचं कारण संपलं होतं. निनाद हे वरून बघत होता. तो आईकडे आला आणि तिच्या हातातलं दुधाचं पातेलं त्याने स्वतःकडे घेतलं.

"मी चहा बघतो. तू जा नं खाली."

"मी जाऊन काय बोलू?"

"मला काय माहीत? मला मालूकाकूंकडून कळेल."

तिने त्याच्या दंडावर चापट मारली आणि ती खाली उतरली. डॉक्टर करंडीचं झाकण उघडून पोत्याला हाका मारत होते. पोतं मावळ्यांच्या कपड्यांवर आडवं पडलेलं होतं आणि हाकांकडे त्याचं लक्ष नव्हतं. तृप्तीने खाली बसून त्याच्या गळ्यातला पट्टा सोडला. मग पेटीत झोपलेल्या बारूदचा सोडला, झिंगीचा, चकलीचा. मावशीचा सोडताना मावशीने तिच्याकडे तसंच रोखून बघितलं, आणि तृप्ती क्षणभर खरोखरच अडकली.

"पट्टे कशाला काढले?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला आता जे बोलायचं आहे, त्याचा आकडा नको आहे." ती उठून उभी राहिली. "डॉक्टर, पोत्याला न्यायचं असेल तर न्या. मावशीलाही न्या. तुम्ही राहा."

डॉक्टरांच्या हातातलं करंडीचं झाकण तसंच राहिलं. त्यांचा ठोका वाढला होता की नाही, ते सांगणारं कोणी नव्हतं.

"पोतं माझ्याशिवाय जेवत नाही," ते शेवटी म्हणाले.

"मग तेही राहू दे."

"आणि मी या रावणाखाली नाही झोपणार आता. नऊच्या नऊ जण रोज घोरणं ऐकतात माझं."

"वर जागा आहे," तृप्ती म्हणाली आणि कानांपर्यंत लाल झाली. वरून निनादने मोठ्याने विचारलं, चहात साखर किती, काकांना किती चमचे लागतात? दोघांनी एकाच वेळी वेगवेगळा आकडा सांगितला.